गुंजभर तांबे

मराठी भाषेने रंगांना नावे देताना धातूंची आठवण ठेवली, याचे मला फार दिवसांपासून कौतुक आहे. संस्कृतातील ‘ताम्र’ आपल्याकडे ‘तांबे’ होऊन आले आणि त्या तांब्यावरून ‘तांबडा’ झाला. पहाटे तांबडे फुटते, पावसाळ्यात नदीला तांबडे पाणी येते, आणि खेळताना गुडघा फुटला की वाहते तेही तांबडे रक्त. वर्गात ही व्युत्पत्ती सांगताना मुलांचे चेहरे उजळतात. परंतु निसर्गाने येथे आपल्या भाषेची थोडी थट्टा केली आहे. रक्ताचा तांबडेपणा तांब्याचा नव्हे, तो लोहाचा. आणि रक्तात जे यत्किंचित तांबे असते, ते ज्या प्रथिनाच्या आश्रयाने वावरते त्याचा रंग चक्क निळा आहे! होल्मबर्ग आणि लॉरेल या दोघा स्वीडिश शास्त्रज्ञांनी १९४८ साली हे प्रथिन वेगळे काढले आणि त्याच्या निळाईवरूनच त्याला नाव मिळाले – सेरुलोप्लाझ्मिन.

मराठीच्या मास्तराने हे जिभेला वळसे घालणारे नाव का उच्चारावे, असे वाचक विचारतील. त्याचे कारण एका मुलाच्या अक्षरात आहे.

बेळगाव भागातल्या एका खेड्यातील सरकारी मराठी शाळेवर मी मुख्याध्यापक होतो. मुख्याध्यापकाने तास घेतलाच पाहिजे, अशा जुन्या मताचा मी असल्यामुळे सातवीचे मराठी माझ्याकडेच असे. २०१७ सालच्या पावसाळ्यात निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलाच्या वहीपाशी माझा हात थांबला. पाचवीत याच मुलाचे अक्षर मी इतर मुलांना दाखवीत असे. वेलांट्या कशा वळाव्यात आणि काना कसा सरळ उतरावा, ते त्याच्या वहीवरून शिकावे. आता ओळ सुरू होताना अक्षर ठीक असे आणि समासाकडे जाता जाता बारीक होत होत थरथरत विरून जाई. मी कपाटातून त्याची पाचवीची वही काढून शेजारी ठेवली. दोन्ही एकाच हाताच्या आहेत, असे कोणी म्हटले नसते.

वर्गात त्याच्याविषयी तक्रारी होत्याच. अभ्यासात मागे पडला, डबा खाताना सांडतो, बोलणे जड झाले आहे. सर्वांत मोठी तक्रार अशी की, रागावले तरी तो हसतो. एका शिक्षकांनी या उद्धटपणाबद्दल त्याला दोन दिवस वर्गाबाहेर उभे केले होते. मी त्याला खोलीत बोलावून समोर बसवले. ते हसू नव्हते. ओठ किंचित उघडे राहून चेहरा तसा आखडला होता, आणि डोळे मात्र भेदरलेले होते. पुढे कळले की, या आखडलेल्या चेहऱ्याला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. आपल्या शाळांतून अशा हसण्यासाठी किती पोरांनी मार खाल्ला असेल कोण जाणे!

त्याच्या वडिलांना बोलावले. दोन वर्षांपूर्वी मुलाला कावीळ झाली होती व ती झाडपाल्याच्या औषधाने ‘उतरली’ होती, एवढे समजले. तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवले. अशक्तपणा आहे म्हणून टॉनिक मिळाले. शेवटी शहरात राहणाऱ्या चुलत्यांनी रक्ताची एक मोठी तपासणी करवली, तीत धातूंचाही आकडा होता. रक्तातील तांबे ७० ते १४० असावे, ते भरले ४२. चुलत्यांनी फोनवरून निदान सांगून टाकले: पोराच्या अंगात तांबे कमी पडले आहे. आजींनी देवघरातला तांब्या घासूनपुसून लख्ख केला, आणि रात्रभर त्यात ठेवलेले पाणी नातवाला सकाळी अनशापोटी सुरू झाले. यात कोणाची चूक म्हणावी? कागदावर कमी लिहिले होते, म्हणून माणसांनी भर घातली.

तो कागद वडिलांनी मला आणून दिला. योगायोग असा की, माझे एक स्नेही रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. तरुणपणी त्यांनी तांबे धारण करणाऱ्या प्रथिनांवर काम केले होते. मी मुलाची लक्षणे सांगत कागद पुढे केला. त्यांनी आकडा पाहिला, कावीळ कधी झाली ते विचारले आणि चष्मा काढून म्हणाले, “गुरुजी, आधी ते तांब्याचे पाणी बंद करायला सांगा. आजच. आणि मुलाचे डोळे मोठ्या ठिकाणी दाखवा.”

मला उलगडा होईना. कमी असलेली वस्तू बंद का करायची? त्यांनी मग मला दोन तास जे समजावले, ते मी माझ्या भाषेत मांडतो. शास्त्रज्ञांनी उणेअधिक क्षमा करावी.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन’ असे छापले होते. या पद्धतीत रक्तातील पातळ द्रव ज्योतीत किंवा तापलेल्या नळीत नेतात. तेथे सारी प्रथिने, सारी संयुगे जळून तुटतात आणि धातूचे सुटे अणू तेवढे उरतात. त्यांतून तांब्याच्याच जातीचा प्रकाश सोडला की, जितके अणू तितका प्रकाश गिळला जातो. गिळलेल्या प्रकाशावरून अणू मोजायचे. ऑस्ट्रेलियाच्या ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली ही युक्ती जगापुढे ठेवली. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात ग्रॅमचा दहा हजारावा भाग तांबे असले, तरी ते सापडते. साऱ्या देहात मिळून तांबे असते सुमारे शंभर मिलिग्रॅम. सोनाराची एक गुंज एकशेवीस मिलिग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे माणसाच्या अंगात गुंजभरसुद्धा तांबे नाही! त्यातला रक्तात फिरणारा अंश हे यंत्र अचूक मोजते. पण मोजण्यासाठी ते सगळ्यांना आधी एकमेकांपासून तोडते, हे लक्षात ठेवावे. मला मराठीचेच उदाहरण सुचले. ‘सार’ आणि ‘रास’ या दोन शब्दांत स, र आणि एक काना एवढीच सामग्री आहे. अक्षरे सुटी करून मोजणाऱ्याला दोन्ही शब्द सारखेच. अक्षरे किती हे त्याला कळते. शब्द कोणता होता, हे कळत नाही.

आणि या विकारात सारा प्रश्न शब्द कोणता होता, हाच आहे. अन्नातून आलेले तांबे यकृतात जाते. यकृतातील एक वाहक प्रथिन त्यातला काही भाग सेरुलोप्लाझ्मिनमध्ये बसवून रक्तात पाठवते, आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर घालवते. सेरुलोप्लाझ्मिनच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू बसतात. निरोगी माणसाच्या रक्तद्रवातील बहुतेक तांबे असे बसलेलेच असते. ज्याच्या अंगी तो वाहक जन्मतःच अधू असतो, त्याच्या सेरुलोप्लाझ्मिनला तांबे मिळत नाही आणि तसले रिकामे प्रथिन रक्तात टिकत नाही. साहजिकच रक्तातील आकडा घटतो. मागे यकृतात मात्र तांबे साचत जाते आणि यकृत भरले की, मेंदूत, डोळ्यांत, मूत्रपिंडात उतरते. रस्त्यावर धान्याच्या गाड्या कमी दिसल्या म्हणून कोठार रिकामे असे कसे म्हणावे? गाड्याच मोडल्या असतील, आणि कोठारात धान्य कुजत असेल. त्या मुलाच्या रक्तात तांबे कमी होते, कारण त्याच्या अंगात तांबे फार झाले होते.

या विकाराचे वर्णन लंडनचे डॉक्टर किनिअर विल्सन यांनी १९१२ साली केले. म्हणून त्याला विल्सनचा विकार म्हणतात. सामान्यतः तीस हजारांत एक असा त्याचा अंदाज देतात. बेंगळुरूच्या निम्हान्समधील डॉक्टरांनी तीन दशकांत पाहिलेल्या अशा २८२ रुग्णांचे वर्णन २००७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा हा परदेशचा रोग आहे असे समजण्याचे कारण नाही.

प्रकाशाकडून पदार्थाची जात ओळखण्याची ही विद्या आपल्या मुलखाला अगदीच परकी नाही. हायडेलबर्गच्या किर्खोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ साली दाखवून दिले की, प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटातील रेषा ही त्याची स्वतःची सही आहे. १८६२ मध्ये होप्पे-सायलर यांनी रक्तातून प्रकाश सोडला तेव्हा त्या पट्ट्यात काळ्या छटा दिसल्या. आणि दोनच वर्षांनी इंग्लंडच्या स्टोक्स यांनी सिद्ध केले की, रक्तातला प्राणवायू काढून घेतला की त्या छटा बदलतात. याच काळात, १८ ऑगस्ट १८६८ या दिवशी, खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी लेफ्टनंट जॉन हर्शेल हा इंग्रज अधिकारी वर्णपटदर्शक घेऊन आमच्या जमखंडीत आला होता. पटवर्धनांच्या त्या संस्थानी गावात उभे राहून त्याने सूर्यज्वाळांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच ग्रहणाच्या वेळी लॉकियर यांनी विजयदुर्गावर हेलियम शोधला, असे कोकणात अभिमानाने सांगतात. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते, विजयदुर्गला ते आले १८९८ च्या ग्रहणाला. अभिमानाला जागा हवीच असेल तर जमखंडीची नोंद अधिक पक्की आहे, आणि ती मराठी माणसांना कोणी सांगत नाही. असो.

मी स्नेह्यांना विचारले की, अणू तोडल्याशिवाय, तो कोणाच्या संगतीत आहे हे ओळखणारे यंत्र नाही काय? त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या तारुण्याचाच तो विषय होता.

त्या विद्येचे नाव इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स. रशियातील कझान येथे झावोइस्की यांनी १९४४ साली ती शोधली. अणूंतील इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात, आणि जोडीतल्या एकाचे चुंबकत्व दुसऱ्याने फिटते. एखादा इलेक्ट्रॉन एकटा राहिला, तर त्याचे चुंबकत्व न फिटता शिल्लक राहते. रक्ताचा नमुना काचेसारख्या बारीक क्वार्ट्झच्या नळीत भरून द्रव नायट्रोजनने शून्याखाली १९६ अंशांपर्यंत गोठवायचा, प्रबळ चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवायचा आणि त्यावर सूक्ष्मलहरी सोडायच्या. चुंबकाचा जोर हळूहळू वाढवीत गेले की, एका ठरावीक जोराला तो एकटा इलेक्ट्रॉन लहर गिळतो, आणि कागदावर वळण उमटते. तो जोर कोणता, हे इलेक्ट्रॉनच्या शेजारपाजाऱ्यांवर अवलंबून असते. म्हणून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनमधील लोह एका जागी बोलते, सेरुलोप्लाझ्मिनमधील तांबे दुसऱ्या जागी बोलते, आणि प्राणवायू वाहण्यास निकामी झालेल्या हिमोग्लोबिनमधील लोह तिसऱ्याच जागी. मला सर्वांत नवल वाटले ते याचे की, प्राणवायू धरून बसलेले रक्तातील लोह, म्हणजे रक्तातल्या लोहाचा फार मोठा वाटा, या यंत्रापुढे मौन पाळतो. त्याचे इलेक्ट्रॉन जोडीत असतात. तो मोठा गलबला नसल्यामुळेच बाकीच्यांचे क्षीण बोलणे ऐकू येते.

याच यंत्रापुढे मुक्त मूलके बोलतात. मूलक म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन फिरणारा, दिसेल त्याच्यावर झडप घालणारा रेणू. सुटे लोह किंवा तांबे हायड्रोजन पेरॉक्साइडला भेटले की असली मूलके जन्मतात; लोहाची ही करामत केंब्रिजच्या फेन्टन यांनी १८९४ मध्येच नोंदली होती. त्यांतली काही इतकी अल्पायुषी की, सेकंदाच्या अब्जांशात संपतात. त्यांना धरण्यासाठी आधीच दुसरा रेणू सापळ्यासारखा मिसळून ठेवतात, आणि सापळ्यात अडकलेल्या मूलकाची खूण वाचतात. सजीवांच्या ऊतींतून मूलकांची खूण अमेरिकेच्या बॅरी कॉमनर आणि सहकाऱ्यांनी १९५४ साली टिपली. साचलेले तांबे यकृताची नासाडी करते ती बरीचशी या मूलकांच्या हातून.

“मग त्या मुलाचे रक्त तुमच्या यंत्रात घालू या,” मी म्हणालो. ते हसले. हे यंत्र संशोधनशाळेचे आहे, पवईच्या आय.आय.टी.सारख्या ठिकाणी ते असते, रोग्याच्या उशाशी नसते. सेरुलोप्लाझ्मिनच्या तांब्याची खूण विल्सनच्या विकारात क्षीण होणार हे ओघानेच आले. पण सेरुलोप्लाझ्मिन गरोदरपणात वाढते, अंगात सूज वा जंतुसंसर्ग असला तरी वाढते. एक वळण पाहून रोगाचे नाव सांगणारा माणूस भोंदू समजावा, असे ते स्पष्ट म्हणाले. रक्ताच्या एका थेंबावरून शंभर रोग सांगणाऱ्या जाहिराती अधूनमधून दिसतात, तेव्हा मला त्यांचे हे वाक्य आठवते. डॉक्टर आपले सेरुलोप्लाझ्मिन साध्या रीतीने मोजतात, दिवसभराच्या लघवीतले तांबे मोजतात, आणि डोळा पाहतात.

डोळ्यांतच ते सापडले. बेंगळुरूच्या डॉक्टरांनी दिव्याच्या झोताखाली पाहिले, तर बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडे उमटले होते. साचलेल्या तांब्याचे कडे. सेरुलोप्लाझ्मिन वीस ते चाळीस हवे, ते निघाले सहा. चोवीस तासांच्या लघवीत तांबे शंभर मायक्रोग्रॅमच्या पलीकडे गेले तरी डॉक्टर सावध होतात. या मुलाचे चारशेवर गेले.

निदान ऐकल्यावर आजी तीन दिवस जेवल्या नाहीत. तांब्याच्या पाण्याने हे झाले, असे त्यांनी मनाशी घेतले. डॉक्टरांनी आणि नंतर मीही त्यांना सांगितले की, तीन आठवड्यांच्या पाण्याने हे कडे उमटत नाही. हे जन्मापासून साचत आलेले आहे. निरोगी माणसाला तांब्यातल्या पाण्याचे भय नाही, कारण त्याचे यकृत जादा तांबे बाहेर टाकते. दुधाची गोष्ट मात्र निराळी. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेतून तांबे ओढून घेते. आपल्या देशात लहानग्यांना होणारा यकृताचा एक जीवघेणा आजार एके काळी घरेच्या घरे उजाड करी, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर यांच्यासह १९८३ च्या सुमारास त्याचा संबंध पितळी भांड्यांतल्या दुधाशी जोडून दाखवला. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात तापवलेले वरचे दूध आपणच प्रेमाने तान्ह्यांना पाजत होतो. स्टीलची भांडी घरोघर आली आणि तो आजारही दिसेनासा झाला. आजींना मी हे सांगितले नाही. त्यांची दोन अपत्ये अशीच पोट फुगून गेली होती. ती कशाने गेली, हे आता कोण सांगणार?

औषध सुरू झाले ते पेनिसिलामिन. जॉन वॉल्श या इंग्रज डॉक्टरांनी १९५६ साली ते पुढे आणले. ते तांब्याला कवळून लघवीवाटे बाहेर नेते. पण पहिल्या दोन महिन्यांत मुलाची थरथर वाढली, त्याला पेला धरवेना. असे काहींच्या बाबतीत होते, याची डॉक्टरांनी आधी कल्पना दिली होती. तरीही घरच्यांनी औषध बंद करायचे ठरवलेच होते. वडील माझ्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, पोरगं आधी चालत तरी होतं.” मी त्यांना घेऊन पुन्हा बेंगळुरूला गेलो. डॉक्टरांनी मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. सहाव्या महिन्यात तो स्वतःच्या हाताने जेवू लागला. शब्द आजही थोडे जड येतात. अक्षर पाचवीतले राहिले नाही. पण ओळ समासापर्यंत पोचते. तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानात तो काम करतो, आणि गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या आहेत हे त्याला पाठ आहे.

खरा कस लागला तो त्याच्या बहिणीच्या वेळी. ती तेव्हा नऊ वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. आईबापांकडून एकेक अधू बीज येऊन मिळाले तरच हा विकार होतो; म्हणून रोग्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याचा संभव चारांत एक. शिवाय या घरी मामाची मुलगी केलेली. डॉक्टरांनी तिला तपासायला सांगितले, तेव्हा आजी आडव्या पडल्या. “पोरीला काय बी झालेलं न्हाई. उद्या लगीन जमवायचं हाय तिचं. कागदावर नाव चढलं तर कोण करून घेईल?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. मी एवढेच म्हणालो, “आजी, थोरल्याचेही दोन वर्षांपूर्वी कागदावर काहीच नव्हते.” निर्णय अखेर तिच्या आईने घेतला. त्या घरात तिला कोणी विचारले नव्हते. एका सकाळी मुलीचा हात धरून ती माझ्याकडे आली आणि बसचे भाडे किती पडेल ते विचारले.

मुलीचे सेरुलोप्लाझ्मिन नऊ निघाले. रक्तातील बीजाची तपासणी झाली, तीतही तेच. तिच्या डोळ्यांत अजून कडे नव्हते, हात स्थिर होता, यकृताला नुकतीच झळ लागली होती. तिला जस्ताचे औषध मिळाले; जस्त आतड्यातच तांब्याची वाट अडवते. जेवणाच्या तासभर आधी गोळी, वर्षातून दोनदा तपासणी. ती आज पी.यू.सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि शास्त्र शाखा तिने स्वतःच्या हट्टाने घेतली आहे.

काम मात्र पुरे झालेले नाही. त्या घरची सोयरीक साट्यालोट्याची: मुलांची आत्या त्यांच्या मामांना दिलेली. मामांचा मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची. एका घरात जो संभव तोच कमी प्रमाणात दुसऱ्या घरात. मी दोनदा निरोप पाठवला. मुले धडधाकट आहेत, असे उत्तर आले. मे महिन्याच्या सुटीत मी त्या गावी जाणार आहे. बहिणीने सोबत येण्याचा आग्रह धरला आहे. “गुरुजी, तुम्ही नुसते बसा,” असे ती म्हणते, “मामींशी मी बोलते.”